बेहेऱ्यांचा गुडघा आणि बनियनचा रंग

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातली मराठी माणसं विनायकराव बेहेऱ्यांकडे दोनच कामांसाठी येत. कुठल्या तरी खात्याला अर्ज लिहून हवा असेल तर, आणि डब्यातली गोळी हवी असेल तर. अर्जाला विनायकराव तासभर घेत. गोळी मात्र दोन मिनिटांत मिळे.

डबा होता शंकरपाळ्यांचा, पत्र्याचा, चौकोनी. त्यात तीस वर्षांत शंकरपाळं गेलं नव्हतं. घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देत. तिसऱ्या दिवशी ताप उतरे. ताप उतरला म्हणजे काम झालं आणि काम झालं म्हणजे फाईल बंद, असा विनायकरावांचा नियम होता. उरलेल्या गोळ्या डब्यात जात, आणि प्रत्येक पाकिटाला रबरबँडनं चिठ्ठी लागे: ‘सुमित्रा, दाढ, शिल्लक चार. पुनर्वापरास योग्य.’ सेंट्रल सेक्रेटरिएटमध्ये सेक्शन ऑफिसर झालेला माणूस गोळीलासुद्धा शेरा दिल्याशिवाय सोडत नाही.

“डॉक्टर लोक दोन दिवस जास्तीचे लिहितातच,” ते सांगत. “आपण नाही का मागणी वाढवूनच पाठवत? वर कुणीतरी कापणार हे धरूनच लिहायचं असतं.”

यात काय एवढं चुकलं, असं वाचणाऱ्याच्या मनात येत असेल तर त्यानं आधी उठून स्वतःच्या घरचं कपाट उघडून बघावं. असा एक डबा तिथंही निघेल. शेरे नसतील, एवढंच.

तर असे हे विनायकराव चार वर्षं उजव्या गुडघ्यानं हैराण होते. गुडघा झिजला होता. जिना उतरून समोरच्या स्टॉपवर चार्टर्ड बस पकडायची, ऑफिसात लिफ्टनं वर जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं, यापलीकडे त्यांचं चालणं उरलं नव्हतं. बंद पडलं ते संध्याकाळचं फिरणं.

या फिरण्याबद्दल थोडं सांगायला हवं. लग्न होऊन सुमित्राबाई वाईहून दिल्लीला आल्या, तेव्हापासून हे दोघं रोज साडेसहाला शेवटच्या ब्लॉकमागच्या पार्कात जात. तिथं अमलतासाखाली, म्हणजे आपल्याकडच्या बहाव्याखाली, एक सिमेंटचं बाक होतं. अर्धा तास बसायचं आणि परत यायचं. घरात विनायकराव सेक्शन ऑफिसर असत. बाकावर नवरा असत. साहेबाची नक्कल करत, लहानपणच्या गोष्टी सांगत, एकदा तर गायलेही होते. घराचा जिना चढले की पुन्हा तोंड बंद आणि फाईल उघडी.

गुडघा गेल्यावर सुमित्राबाई एकट्या जाऊ लागल्या. परत आल्या की विनायकराव ‘आज काय?’ म्हणून विचारत आणि त्या चहा टाकता टाकता बातम्या देत. अमलतास फुललाय, बाकावर नुसता पिवळा सडा पडलाय. काळ्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत. ट्रान्झिस्टरवाले बंगाली आजोबा आज आले नव्हते. विनायकराव वर्तमानपत्रात डोकं घालून ऐकत आणि एखाद्या दिवशी बातम्या मिळाल्या नाहीत की उगाच चिडचिड करत.

शेवटी जानेवारीत त्यांनी गुडघा बदलून घेतला. ऑफिसात सांगितलं, लिफ्ट सारखी बंद पडते, जिने चढवत नाहीत. खरं कारण ते बाक होतं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच.

ऑपरेशन झकास झालं. महिन्यानं टाक्यांच्या कडेला थोडी लाली दिसली. दुसरा कुणी असता तर डॉक्टरला फोन करता. विनायकरावांनी डबा काढला. सुमित्राबाईंच्या दाढेच्या चार गोळ्या होत्या. जी गोळी दाढेवर चालते ती गुडघ्यावर का चालू नये? शरीर तर एकच, खातं फक्त वेगळं! दोन दिवसांत लाली उतरली. फाईल बंद.

बाराव्या दिवशी पायजम्यावर ओला डाग दिसला.

सुमित्राबाईंनी मुनिरकाला फोन लावला. तिथं त्यांची भाची नीला एका खोलीत भाड्यानं राहायची. सख्ख्या भावाची मुलगी, जंतूंवर पीएच. डी. करत होती आणि रविवारी आत्याकडे पोटभर जेवत होती. ती ऑटोनं आली, गुडघा बघितला, डाग बघितला आणि शेवटी डबा बघितला.

“आतोबा, यातलं काही घेतलंत?”

“चारच.”

नीलानं डोळे मिटून घेतले. तासाभरात विनायकराव हॉस्पिटलात होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर.

डॉक्टर तरुण होते आणि हिशेबी बोलणारे होते. “बेहेरे जी, अंदर पूरा धो दिया है. प्लास्टिक का हिस्सा बदल दिया, मेटल रख लिया. एक मौका दे रहा हूँ. दो हफ़्ते सुई, फिर छह महीने गोली. इन्फेक्शन नहीं गया, तो पूरा घुटना निकालना पड़ेगा. दो-तीन महीने बिना जोड़ के रहेंगे, फिर नया डालेंगे. और वो पहले जैसा चलेगा, यह मैं नहीं कह सकता.”

“छह महीने!” विनायकराव पुटपुटले. अख्ख्या आयुष्यात त्यांनी कुठलीही गोळी चार दिवसांवर घेतली नव्हती.

डॉक्टर गेल्यावर नीला पलंगाशी स्टूल ओढून बसली. “का सहा महिने, ते ऐका. रक्तात फिरणारे जंतू गोळीनं मरतात. पण शरीरात बाहेरची वस्तू दिसली ना, गुडघा म्हणा, लघवीची नळी म्हणा, पेसमेकर म्हणा, की ते तिला चिकटतात आणि आपल्याभोवती थर करतात. आत्या, सिंकच्या पाइपात बोट घातलंस तर कसं लागतं?”

“शी! बुळबुळीत.”

“बिल्कुल तसंच. बायोफिल्म म्हणतात त्याला. त्या थरात औषध नीट पोचत नाही. आणि सगळ्यात आतले जंतू तर झोपून असतात.”

“झोपून म्हणजे?” विनायकरावांनी विचारलं.

“वाढत नाहीत, काहीच काम करत नाहीत. आपली बहुतेक औषधं काम करणाऱ्या जंतूंनाच पकडतात. जो हलतच नाही, त्याला ती काही करू शकत नाहीत.”

विनायकराव सलाइन विसरून उठून बसले. “अगं, हे तर आमचं सेक्शन! एकदा क्वार्टर मिळालं, दाराला नावाची पाटी लागली, की पुढं काम शून्य. आणि मेमो कुणाला? काम करणाऱ्याला! त्याच्याच हातून चूक होणार ना! झोपलेल्याला तीस वर्षांत कुणी हात लावलेला मी पाहिला नाही.”

“हां, तेच. आता ही विटकरी कॅप्सूल बघा. रिफाम्पिसिन. ही थरातसुद्धा शिरते आणि झोपलेल्यांनाही सोडत नाही. अशी औषधं फार थोडी आहेत. पण हिला एकटीला पाठवलं तर जंतू चार दिवसांत तिला सरावतात, मग ती कायमची बाद. म्हणून जोडीला ही पांढरी. दोघी बरोबर, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकता. आणि घाबरू नका हं, या कॅप्सूलनं सगळं नारिंगी होतं. लघवी, घाम, डोळ्यातलं पाणीसुद्धा.”

“डोळ्यातलं पाणी?” सुमित्राबाई म्हणाल्या. “त्याची काळजी नको. यांच्या डोळ्यात पाणी मी एकदाच पाहिलंय, इन्क्रिमेंट अडकलं होतं तेव्हा.”

मार्चच्या मध्यावर विनायकराव घरी आले. त्यांनी एक वही आखली. तारीख, वेळ, पांढरी, विटकरी, शेरा. प्रत्येक गोळीपुढे ‘घेतली’ असं लिहून सही. ऊन वाढू लागलं तसं सगळंच रंगायला लागलं. बनियन काखेत नारिंगी, उशीचा अभ्रा नारिंगी, रुमाल नारिंगी. ऑफिसात शर्टाच्या कॉलरला भगवी कड दिसली, तेव्हा त्यांच्या डेप्युटी सेक्रेटरींनी हात जोडून विचारलं, “बेहेरे साहब, दीक्षा कहाँ से ली?”

सुमित्राबाई हरणाऱ्या नव्हत्या. पांढरं कापड पांढरंच दिसलं पाहिजे, या हट्टापायी त्यांनी लिंबू लावून पाहिलं, सोडा लावून पाहिला, कपडे गच्चीत दिवसभर उन्हात टाकून पाहिले. डाग हसत राहिले. मग सरोजिनी नगरच्या बाजारातून त्यांनी एक निळा साबण आणला. तोही फुकट गेला.

एप्रिल संपता संपता गुडघा कोरडा ठणठणीत होता. रक्ताचा रिपोर्ट अगदी नॉर्मल. विनायकराव घरातल्या घरात बिनकाठीचे चालू लागले, आणि त्यांच्या डोक्यातला सेक्शन ऑफिसर जागा झाला. काम तर झालं होतं. मग फाईल उघडी का? बरं, एकाच कामावर दोन माणसं कशाला? पांढरी आहे ना कामावर? या विटकरीला विनाकारण पोसणं म्हणजे सरळ ऑडिट ऑब्जेक्शन! एवढं जबरदस्त औषध, झोपलेल्यांनाही न सोडणारं; ते उद्या एखाद्या गरजू माणसाला उपयोगी पडेल.

एका सकाळी त्यांनी पांढरी गिळली आणि विटकरी डब्यात टाकली. संध्याकाळीही तेच. वही समोर घेतली तेव्हा मात्र ते अडले. खोटी नोंद त्यांनी जन्मात केली नव्हती. थोडा विचार करून त्यांनी विटकरीपुढे ‘घेतली’ऐवजी ‘प्राप्त’ असं लिहिलं आणि सही केली. शब्दन् शब्द खरा होता, त्यामुळे त्यांना झोपही छान लागली.

तीन दिवसांत बनियनं पांढरी दिसू लागली.

सुमित्राबाईंना आकाश ठेंगणं झालं. तारेवर वाळणारी पांढरीशुभ्र बनियनं त्यांनी शेजारच्या अलकाताईंना बोलावून दाखवली. “जरा दम धरावा लागतो या साबणाला. पहिले पंधरा दिवस काही करत नाही, मग एकदम उजळतं.” अलकाताईंनी चार वड्या आणल्या. मग खालच्या मद्रासी बाईंनी आणल्या, मग समोरच्या ब्लॉकमध्ये बातमी गेली. निळा साबण बाजारात मिळेनासा झाला. विनायकराव खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. साबणाचा आणि आपल्या डब्याचा काही संबंध असेल, हे पहिले चार दिवस त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा त्यांनी साबणाची मोठ्यानं स्तुती केली.

नीलाच्या नजरेतून हे सुटलं नसतं. पण तिचा प्रबंध सादर करायचा होता. दोन रविवार ती जेवायलाच आली नाही.

आले ते सुभेदार हिंमतराव. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये असत. गाव वाईजवळचं, म्हणून सुमित्राबाईंना ताई म्हणत आणि त्या नात्यानं विनायकरावांना दाजी. मानेवर भलंमोठं करट उठलं होतं.

“दाजी, तुमच्या डब्यात काय असलं तर बघा की. आमच्या हितं डाक्टरकडं गेलं की सुई टोचत्यात.”

सीमेवर गोळ्या खायला तयार असलेला माणूस सुईला भितो, हे बघून विनायकरावांचा जीव गलबलला. गरजू माणूस तो हाच. सुमित्राबाई स्वयंपाकघरात पोहे करत होत्या तेवढ्यात त्यांनी सहा विटकरी कॅप्सूल पुडीत बांधून दिल्या. “सकाळी एक, संध्याकाळी एक. तीन दिवस. साधीसुधी चीज नाही ही, हिंमतराव!”

मंगळवारी सकाळी सातला फोन वाजला. सुमित्राबाईंनी घेतला. पलीकडून सुभेदारांचा आवाज येत होता, पण तो कवायतीच्या मैदानावरचा नव्हता.

“ताई, मी दवाखान्यातनं बोलतोय. भरती केलंय मला. लघवीतनं नुसतं रगात चाललंय. मूत्रपिंड गेलं म्हणत्यात. आमची कारभारीण विजयमाला गावाकडं फोन लावून रडतीया.”

“अरे देवा! कधीपासून?”

“परवापासनं. आन् ताई, घामसुद्धा शेंदरी येतोय. वर्दी सगळी रंगली.”

 सुमित्राबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तारेवर सात बनियनं वाऱ्यावर हलत होती, सातही पांढरीशुभ्र.

“हिंमतराव,” त्या सावकाश म्हणाल्या, “रविवारी दाजींनी तुम्हाला काय दिलं?”

“विटकरी गोळी, ताई. साधीसुधी चीज न्हाई म्हणाले.”

“ते रक्त नाही. त्या गोळीचा रंग आहे. डॉक्टरांना सांगायला गोळीचं नाव देते, लिहून घ्या. आणि घरी फोन करा, तुम्ही मरत नाही म्हणून.”

फोन ठेवून त्या बाहेर गेल्या, तारेवरचं एक बनियन काढलं आणि विनायकराव वाचत होते त्या वर्तमानपत्रावर आणून पसरलं.

“हे पांढरं कसं?”

“साबण चांगला आहे,” विनायकराव म्हणाले.

“साबण?”

सुमित्राबाईंनी डबा उघडला. सोळा विटकरी कॅप्सूल, रबरबँड, चिठ्ठी: ‘गुडघा. पुनर्वापरास योग्य.’ मग वही उघडली. अकरा दिवस ‘प्राप्त’, अकरा दिवस सही.

त्या ओरडल्या असत्या तर विनायकरावांना बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि हातातल्या बनियनची घडी करू लागल्या.

“तीस वर्षांत मी तुमच्याकडे काय मागितलं?” त्या म्हणाल्या. “दागिना मागितला? वाईला परत जाऊ म्हटलं? संध्याकाळचा अर्धा तास तेवढा माझा होता. तो चार वर्षांपूर्वी गेला. मला एकटीनं फिरायचा कंटाळा आलाय हो. तुमचा गुडघा बरा झाला की परत बरोबर जाऊ, एवढ्यावर मी दिवस काढले. आणि तुम्ही तो डब्यात ठेवत होतात.”

विनायकरावांना वाटत होतं, ते बाक एकट्या आपल्यालाच हवं आहे. तिलाही हवं असेल, हे चार वर्षांत त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. डोळे भरून आले. त्यांनी खिशातला रुमाल काढून पुसले. सुमित्राबाईंनी तो रुमाल त्यांच्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

“पांढरा,” त्या म्हणाल्या. “रडताय तेही बिनऔषधाचं.”

नीला अर्ध्या तासात आली. ती मात्र भरपूर ओरडली आणि विनायकरावांनी सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढलं. रिपोर्ट यायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत विनायकरावांनी गुडघ्यावर इतक्या वेळा हात ठेवून पाहिला की कुठलीही लाली त्यांच्या हातानंच उठली असती. विटकरी कॅप्सूल त्यांनी त्या सकाळपासूनच पुन्हा सुरू केली होती. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून ते ती घेत. सुमित्राबाई जेवायला वाढत होत्या, विचारलं तेवढं बोलत होत्या, आणि संध्याकाळी फिरायला जात नव्हत्या. बातम्या बंद होत्या.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

“थोड़ा बढ़ा है. बहुत नहीं. पांढरी... मतलब वो सफ़ेद वाली ने सँभाल लिया. आपकी क़िस्मत.” मेव्हण्यानं मराठी मुलगी केली, त्या लग्नात जमा केलेलं तेवढंच मराठी डॉक्टरांना येत होतं. “लेकिन गिनती आज से. छह महीने, नए सिरे से. अब एक दिन भी छूटा, तो घुटना निकालके आपके उसी डिब्बे में रख दूँगा.”

डबा मात्र तेव्हा रिकामा झालेला होता. नीलानं सगळ्या गोळ्या, दाढेच्या, कानाच्या, अलकाताईंच्या घशाच्या, एका पिशवीत भरून तिच्या लॅबमध्ये जाळायला नेल्या. गोळ्यांपेक्षा आपल्या हस्ताक्षरातल्या तीस वर्षांच्या शेऱ्यांचं विनायकरावांना जास्त वाईट वाटलं. हिंमतराव दोन दिवसांत सुटून आले. करट सुई टोचूनच बरं करावं लागलं, आणि पलटणीत त्यांचं नाव शेंदरी सुभेदार पडलं ते पडलंच. निळ्या साबणानं हळदीचे डाग काही जाईनात, म्हणून कॉलनीतल्या तीन बायका उरलेल्या वड्या सुमित्राबाईंच्या दारात ठेवून गेल्या. सुमित्राबाईंनी पुढं वर्षभर त्याच साबणानं फरशी पुसली.

मे गेला, जून गेला. विनायकराव पुन्हा नारिंगी झाले. आता वहीवर कुणाचा भरवसा राहिला नव्हता. सुमित्राबाई ‘गोळी घेतली का’ असं एकदाही विचारत नसत. संध्याकाळी बनियन धुवायला घेण्याआधी उजेडात धरून बघत आणि “हं” म्हणत. तो “हं” ऐकल्याशिवाय विनायकरावांना चहा गोड लागत नसे. जिच्या पांढऱ्या कपड्यांचं कॉलनीभर नाव झालं होतं, ती बाई आता डाग दिसावा म्हणून डोळे ताणत होती.

ऑक्टोबर उजाडला. उकाडा ओसरला, रस्त्याकडेच्या सप्तपर्णींना फुलं आली आणि संध्याकाळी त्यांचा उग्र वास घरात येऊ लागला. रिपोर्ट लागोपाठ चांगले येत होते. महिनाभराच्या गोळ्या उरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “अब जाइए, घूमिए.”

त्याच दिवशी सव्वासहाला विनायकराव पायात बूट घालून दाराशी उभे राहिले. “चल.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? बाकावर.”

सुमित्राबाईंनी पदर सारखा केला. “आज समोरूनच जाऊ या का? दिल्ली हाटच्या बाजारापर्यंत? तिकडं दिवे छान असतात.”

“चार वर्षं नऊ महिने झाले. मला बाकावर बसायचंय.”

“मागचा रस्ता खराब आहे हो. खड्डे आहेत.”

पण विनायकराव कठडा धरून जिना उतरायलाही लागले होते. एक पायरी, दुसरी पायरी, गुडघा कुरकुरला नाही. शेवटच्या ब्लॉकपर्यंत ते न थांबता चालले. त्यांना धावावंसं वाटत होतं. सुमित्राबाई दोन पावलं मागं होत्या. पूर्वी रोज बरोबरीनं चालणारी बाई आज मागं का, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

ब्लॉक ओलांडला आणि ते थांबले.

समोर पार्क नव्हता. माणसापेक्षा उंच पत्रे ठोकलेले होते, गंजलेले, त्यांवर जुनी पोस्टरं. एका फटीतून आत पाहिलं तर सिमेंटचे मोठाले पाइप, आणि पाइपांवर वाढलेलं गवत. अमलतास नव्हता. बाकही नव्हतं.

पत्र्याच्या दाराशी चौकीदार स्टुलावर बसला होता.

“भैया, यह पार्क कब बंद हुआ?” विनायकरावांनी विचारलं.

“पार्क?” चौकीदार हसला. “साहब, मुझे ही यहाँ चार साल हो गए.”

विनायकराव वळले. सुमित्राबाई कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या, आणि बसल्या होत्या त्या अशा सवयीनं, की पाठ कुठं टेकायची तेही त्यांना बरोबर ठाऊक होतं. ते जाऊन शेजारी बसले. कट्टा अरुंद होता.

“इथं बसायचीस?”

“इथंच. अर्धा तास झाला की घरी.”

“मग तो अमलतास?”

“पहिल्याच वर्षी तोडला.”

“आणि सडा?”

सुमित्राबाई चपलेच्या टोकानं खडा ढकलत राहिल्या. “तुम्ही विचारायचात ना रोज. पार्क गेला म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही गुडघ्याचं मनावरच घेतलं नसतं. म्हटला असतात, आता कुठं जायचंय. आणि खरं सांगू? दारातून आल्या आल्या तुम्ही बातम्या मागायचात, ते मला आवडायचं.”

“ती काळी कुत्री तरी?”

“कुत्री होती. पिल्लं मी वाढवून सांगितली. तुम्हीच म्हणता ना, मागणी जास्तीचीच लिहायची.”

विनायकराव हसले. हसता हसता त्यांना ती चार वर्षं दिसली. या सिमेंटच्या कट्ट्यावर एकटी बसून रोज त्यांच्यासाठी पार्क रचणारी, त्यात झाड फुलवणारी, पिल्लं सोडणारी बाई दिसली. आणि घरी वर्तमानपत्रात डोकं घालून तेवढ्यावर जगलेला आपला बावळटपणा दिसला. त्यांना हुंदका आला. चौकीदार बघतोय याचंही त्यांना भान राहिलं नाही.

सुमित्राबाईंनी त्यांना रडू दिलं. मग त्यांच्या खिशातला रुमाल काढला, त्यांचे डोळे पुसले आणि रस्त्यावरचा दिवा लागला होता त्याच्या उजेडात तो धरून पाहिला. रुमालावर दोन डाग होते, नारिंगी.

“हं,” त्या म्हणाल्या. रुमालाची घडी करून त्यांनी तो कमरेला खोचला. “संध्याकाळची घरी गेल्यावर घ्या. अजून थोडा वेळ बसू.”